विकेट

विकेट : क्रिकेटमधील अनेकार्थी संज्ञा. मूळ अर्थ तीन यष्ट्या (जमिनीत रोवलेल्या काठ्या) आणि त्यांवरच्या दोन बेल्स (आडव्या ठेवलेल्या छोट्या लाकडी दांड्या). उंची 71.12 सेंमी., रुंदी 22.86 सेंमी. पूर्वी दोनच यष्ट्या असत. 1775 मध्ये इंग्लिश गोलंदाज लम्पी स्टीव्हन्सचे चेंडू त्यांच्यामधून आरपार गेले तरी फलंदाज नाबादच राहिला. त्यानंतर तिसरी यष्टी आली.

विकेट मोडायला एक तरी बेल पूर्ण सुटावी लागते किंवा यष्टी उखडावी लागते. बेल हलून पुन्हा खोबणीत बसली तर फलंदाज वाचतो. पडताना दोन यष्ट्यांमध्ये अडकली तर मात्र ती पडलीच असे धरतात. फार वारा असला की पंच जड बेल्स लावतात, नाहीतर काढूनच ठेवतात. धावचीत करताना, म्हणजे धाव घेणारा फलंदाज पोहोचण्याआधी विकेट मोडताना, घाईत हमखास घोटाळा होतो : चेंडू उजव्या हातात आणि बेल्स उडवल्या डाव्याने. हे ग्राह्य नाही. त्यात दोन्ही बेल्स पडून गेल्या, तर मग चेंडू धरलेल्या हातानेच यष्टी उपटावी लागते.

दुसरा अर्थ गडी बाद होणे. त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत, यष्टिचीत, स्वयंचीत या विकेट गोलंदाजाच्या खात्यात जातात; धावचीत जात नाही. ‘6 विकेट राखून विजय’ म्हणजे जिंकणाऱ्या संघाचे दहापैकी चारच गडी बाद झाले. किती चेंडू शिल्लक होते, हे त्यावरून कळत नाही.

भागीदारीही विकेटनेच मोजतात. 1946–47 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी 577 धावा जोडल्या. म्हणजे तिसरा गडी बाद झाल्यापासून चौथा बाद होईपर्यंत.

‘विकेट संथ आहे’, ‘विकेटवर चेंडू वळतोय’ असे म्हणताना मात्र 20.12 मीटर लांबीची खेळपट्टी अभिप्रेत असते. नियमांच्या भाषेत ही चूक, पण समालोचकांच्या तोंडी पक्की बसलेली. खेळपट्ट्या झाकत नसत त्या काळी पावसानंतर उन्हात वाळणारी चिकट विकेट फलंदाजांचा काळ ठरे : एक चेंडू उसळे, दुसरा सरपटे.

गल्लीत विकेट म्हणजे रचलेल्या विटा किंवा भिंतीवर खडूने ओढलेल्या तीन रेघा. तिथे बेल नसल्याने चेंडू रेघेला लागला की बाजूला, यावर अर्धा खेळ भांडणात जातो. चारचौघांत एखाद्याची टर उडवली तर ‘त्याची विकेट काढली’ म्हणतात.