हेज, वुडी

हेज, वुडी : (१४ फेब्रुवारी १९१३–१२ मार्च १९८७). अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे प्रख्यात प्रशिक्षक. पूर्ण नाव वेन वुड्रो हेज. जन्म ओहायओ राज्यातील क्लिफ्टन येथे. वडील न्यूकमर्सटाउन येथे शाळांचे अधीक्षक होते. डेनिसन विद्यापीठातून १९३५ मध्ये पदवी घेतल्यावर हेज यांनी शिक्षकी केली आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात जहाजाचे नेतृत्व केले.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. हेल्मेट आणि पॅड चढवून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा हा अमेरिकी खेळ आहे. चार प्रयत्नांत चेंडू किमान १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे न्यायचा असतो. विद्यापीठाचा संघ ही तिथे साऱ्या राज्याची अस्मिता असते. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाचे नाव घरोघरी माहीत असते आणि त्याच्या पराभवाचा हिशेबही घरोघरी ठेवला जातो.

युद्धानंतर डेनिसनच्या संघाची सूत्रे हाती घेऊन हेज यांनी १९४७ आणि १९४८ हे दोन्ही हंगाम अपराजित काढले. ओहायओतल्याच मायामी विद्यापीठात दोन वर्षे काढून १९५१ मध्ये ते कोलंबस येथील ओहायओ स्टेट विद्यापीठात आले. त्यांची पद्धत साधी आणि हट्टी होती. चेंडू लांब फेकायचा तर तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडण्याची भीती. म्हणून तो पोटाशी धरून गर्दीतून पुढे घुसायचे. ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ असे या खेळाचे वर्णन होई. १९५४, १९५७ आणि १९६८ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तर बिग टेन या विद्यापीठ-गटाचे विजेतेपद तेरा वेळा. त्यांचा शिष्य आर्ची ग्रिफिन याने १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला. तो दोनदा मिळवणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही.

विद्यापीठ मात्र नेहमीच त्यांच्या मागे नव्हते. १९६१ मध्ये रोझ बोल या मानाच्या सामन्याचे निमंत्रण प्राध्यापकांच्या परिषदेने २८ विरुद्ध २५ मतांनी नाकारले. फुटबॉलपुढे शिक्षण झाकोळते आहे, अशी त्यांची धास्ती होती. संतापलेले विद्यार्थी रस्त्यावर आले. ही धास्ती अनाठायी नव्हती, असे पुढच्या घटनांकडे पाहून म्हणावे लागते. तरीही न्याय करायचा तर हेही सांगायला हवे, की हेज स्वतः लष्करी इतिहासाचे गाढे वाचक होते आणि खेळाडूंच्या पदवीबाबत कमालीचे आग्रही होते.

खरी चुरस मिशिगन विद्यापीठाशी. १९६८ मध्ये त्यांनी मिशिगनला ५०–१४ असे चिरडले. पुढच्याच वर्षी मिशिगनने बो शेंबेक्लर यांना नेमले. मायामीत ते हेज यांच्या हाताखाली खेळले होते, नंतर त्यांचे सहायकही होते. शिष्याने पहिल्याच वर्षी गुरूला २४–१२ असे हरवले. १९६९ ते १९७८ या काळाला ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात. त्यात शेंबेक्लर पाच वेळा, हेज चार वेळा जिंकले आणि एक सामना बरोबरीत सुटला. १९७६ पासूनच्या तीन सलग पराभवांत हेज यांच्या संघाला मिशिगनविरुद्ध एकही टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेणे, करता आला नाही.

त्यांचा राग जुनाच होता. १९७१ मध्ये मिशिगनच्या मैदानावर त्यांनी सीमारेषेवरच्या खुणा मोडून टाकल्या. १९७३ च्या रोझ बोलपूर्वी छायाचित्रकाराचा कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर ढकलला. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेरामनला मारले. प्रत्येक वेळी प्रकरण निभावले. संघ जिंकत होता तोवर ‘स्वभावच तसा’ म्हणून लोक सोडून देत होते, आणि या सोडून देण्यातच पुढच्या घसरणीचे मूळ दिसते.

२९ डिसेंबर १९७८ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे गेटर बोलचा सामना क्लेमसन विद्यापीठाशी होता. ओहायओ स्टेट १५–१७ असे मागे, शेवटची काही मिनिटे उरलेली. अशा वेळी, ज्या फेकीवर हेज यांचा जन्मभर विश्वास नव्हता, तीच फेक प्रथम वर्षाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, आर्ट श्लिख्टर याने केली. क्लेमसनच्या चार्ली बाउमनने चेंडू मधेच झेलला आणि धावत तो ओहायओच्या राखीव खेळाडूंसमोर सीमारेषेबाहेर आला. हेज यांनी त्याला पकडून गळ्याखाली ठोसा मारला. सारा देश हे दूरचित्रवाणीवर पाहत होता.

दुसऱ्या दिवशी क्रीडा संचालक ह्यू हिंडमन यांनी त्यांना बडतर्फ केले. हिंडमन हे एकेकाळी त्यांचेच खेळाडू आणि सहायक. २०५ विजय, ६१ पराभव आणि १० बरोबरी एवढ्यावर हेज यांची ओहायओ स्टेटमधील कारकीर्द थांबली. बाउमनची जाहीर माफी त्यांनी कधीच मागितली नाही, आणि त्यांच्या चाहत्यांनाही याचे समर्थन करणे अवघड जाते.

कोलंबसने मात्र त्यांना दूर लोटले नाही. १९८३ मध्ये विद्यापीठाच्या बँडने मैदानावर ‘ओहायओ’ हे नाव रेखाटताना इंग्रजी ‘आय’ या अक्षरावरचा टिंब होण्याचा मान त्यांना दिला. १९८६ मध्ये पदवीदान समारंभाचे मुख्य भाषण त्यांनी केले. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीचे भाषण माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी केले.