मानीच्या बायकांचं रडणं म्हणजे साक्षच
ग्रीसच्या दक्षिण टोकाला मानी नावाचा खडकाळ भाग आहे, दगडी बुरुजांच्या घरांचा आणि पिढ्यान्पिढ्या चाललेल्या खानदानी वैरांचा. तिथे कुणी वारलं की बायका केस मोकळे सोडून प्रेताभोवती बसायच्या आणि गायच्या, त्या गाण्यांना मिरोलोयी म्हणतात. आपल्याला वाटतं रडू आलं की आलं, त्यात कसली रचना, पण इथे चक्क छंद आहे! मानीत आठ अक्षरांची ओळ, ग्रीसमधे इतरत्र बहुतेक पंधरा अक्षरांची, आणि बरंचसं गाणं तिथल्या तिथे जुळवलेलं. एक बाई पुढे होऊन गाते, बाकीच्या हुंदके देत साथ करतात, ती थांबली की दुसरी सुरू करते.

मला ही साथच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मानववंशशास्त्रज्ञ नादिया सेरेमेताकिस यांनी 1991 च्या पुस्तकात मांडलंय की एकीचं म्हणणं बाकीच्यांनी उचललं की ती साक्ष ठरते. आणि म्हणणं नुसतं "का रे गेलास" एवढंच नसायचं, कुणी मारलं, आजारपणात कोण फिरकलं नाही, आता विधवेला कोण बघणार, हे सगळं भर मयतात, पुरुषांच्या कानावर पडेल असं. गावचे निर्णय म्हातारे पुरुष घ्यायचे, बायकांना तिथे जागा नव्हती, पण इथे बोलायला त्यांना कोण अडवणार? खून झाला असेल तर सूड घ्या असंही त्या गाण्यातूनच बजावायच्या.

ग्रीसच्याच थेस्सली भागातल्या पोतामिया गावात तर हे पाच वर्षं चालायचं. बायका कबरीवर जात राहायच्या, मग हाडं उकरून वाइनने धुवायची आणि गावच्या अस्थिघरात ठेवायची, तेव्हाही गाणी. त्यातली कित्येक लग्नातल्या गाण्यांसारखीच, कारण घरचं माणूस घर सोडून जातं ते दोन्हीकडे.

सत्तेला हे कधीच रुचलं नाही. इ.स.पूर्व सहाव्या शतकात अथेन्समधे तिथला कायदे करणारा सोलोन याने अंग ओरबाडून घेणं, रचलेले शोक गाणं कायद्याने बंद केलं, पुढे चर्चचे धर्मगुरूही या बायकांवर तुटून पडले. तरी गाणी टिकली. त्यांना खरा धक्का बसला तो विसाव्या शतकात, गावं रिकामी होऊन लोक अथेन्सला गेले, मरण हॉस्पिटलमधे यायला लागलं, आणि गाणारी एखादी म्हातारी उरली तरी तिची ओळ उचलायला शेजारी कुणी बसलेलं नसतं.