पदवीच्या तत्त्वज्ञानातले दोन पेपर

महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला देकार्त आणि कांट हे युरोपीय तत्त्वज्ञ एका पेपरात भेटतात, तर न्याय, सांख्य, बौद्ध आणि वेदान्त ही दर्शने दुसऱ्या. दोन्हींत ज्ञानाचे साधन, सत्ता (म्हणजे अस्तित्वाचे स्वरूप), आत्मा यांविषयीचेच प्रश्न असतात, परंतु एका पेपरातील उत्तराची दुसऱ्यातील उत्तराशी गाठ घालून देण्याची सोय अभ्यासक्रमात क्वचितच असते. ही विभागणी सोयीसाठी केलेली दिसते. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकातल्या शैक्षणिक व्यवस्थेतून आली आहे.

पेशवाई संपल्यानंतर तीन वर्षांनी, 1821 मध्ये, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेथे न्याय, वेदान्त, व्याकरण, धर्मशास्त्र हे विषय शास्त्रीमंडळी जुन्या पद्धतीने, म्हणजे एकेक ग्रंथ पंक्तिशः लावून, शिकवीत असत. 1851 मध्ये ही पाठशाळा सरकारी इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज तयार झाले आणि पुढे 1864 मध्ये त्याचेच डेक्कन कॉलेज झाले. या तेहेचाळीस वर्षांत संस्था एकच राहिली, पण तिच्यातील विद्यांची क्रमवारी पार बदलली. शास्त्र्यांकडील न्याय आणि वेदान्त संस्कृत भाषेच्या अभ्यासाचा भाग बनले, तर ‘तत्त्वज्ञान’ या नावाने जे शिकवले जाऊ लागले ते सर्वस्वी युरोपीय होते.

याला कारण 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले हे विद्यापीठ प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. परीक्षेचे विषयही त्याच धर्तीवर ठरले, आणि त्यांत तर्कशास्त्र व नीतितत्त्वज्ञान यांना मानाचे स्थान होते. 1862 मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे डेक्कन कॉलेजात प्राचार्य सेल्बी तर्कशास्त्र आणि नीतितत्त्वज्ञान शिकवीत. त्याच कॉलेजात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखनातून मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत बाजूला काढले, तर त्यांच्या सुधारकी युक्तिवादाचा कणाच जाईल. पदवीच्या वर्गात शिकलेले तत्त्वज्ञान थेट वर्तमानपत्राच्या अग्रलेखात उतरल्याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नसावे. ‘गीतारहस्या’त (1915) टिळकांनी मिलच्या सुखवादाशी घातलेला वाद आणि इंग्रज तत्त्वज्ञ ग्रीन यांच्या नीतिशास्त्राचा घेतलेला आधार हेही याच शिक्षणाच्या वातावरणातून आलेले आहे, स्वतः टिळकांचा पदवीचा विषय गणित होता, ही गोष्ट वेगळी.

न्यायशास्त्राचा अभ्यास या काळात थांबला होता, असे मात्र नाही. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आणि आठल्ये-बोडस यांची ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्रवेशग्रंथाची 1897 ची आवृत्ती ही दोन्ही कामे मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि आजही वापरात आहेत. आठल्ये यांच्या टीपांत न्यायाची तुलना पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी जागोजागी आढळते. म्हणजे तुलना करणारे लोक होते. त्यांचा वाचकवर्ग संस्कृतच्या वर्गात बसलेला होता, तत्त्वज्ञानाच्या नव्हे.

ही भिंत ओलांडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे रा. द. रानडे यांनी 1926 मध्ये उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि पुढच्याच वर्षी संस्कृतचे प्राध्यापक बेलवलकर यांच्यासह भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा एक खंड प्रसिद्ध केला. खानदेशात अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होतेच. दासगुप्ता, राधाकृष्णन, हिरियण्णा यांचे भारतीय तत्त्वज्ञानावरील इंग्रजी ग्रंथ 1922 ते 1932 या दहा वर्षांत आले आणि 1939 मध्ये चटर्जी-दत्त यांचे छोटे पाठ्यपुस्तकही निघाले. संस्कृत न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही दर्शने शिकवता येतील, अशी सामग्री प्राध्यापकांच्या हाती प्रथमच आली. भारतीय तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र पेपर शक्य झाला तो या इंग्रजी ग्रंथांमुळे, आणि म्हणूनच तो मूळ ग्रंथांपासून एक पाऊल दूर राहिला.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि पुढील काळात कला शाखेचे अध्यापन हळूहळू मराठीतून होऊ लागले. त्यासाठीची पुस्तके बहुतांशी महाविद्यालयीन शिक्षकांनीच लिहिली. कोल्हापूरचे श्रीनिवास दीक्षित, अमरावतीचे दि. य. देशपांडे, मुंबईचे मे. पुं. रेगे ही नावे त्या पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ असतील. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ 1974 मध्ये पूर्ण झाला. त्याच सुमारास दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा शिक्षणाचा आकृतिबंध आला आणि पूर्वी इंटर आर्ट्सला असणारे तर्कशास्त्र अकरावी-बारावीत गेले. कला शाखेत ते मार्क मिळवून देणारा विषय म्हणून प्रसिद्ध आहे; पदवीला तत्त्वज्ञान घेणारे अनेक जण त्या वाटेने येतात. तिथे शिकवले जाते ते मुख्यतः पाश्चात्त्य परंपरेचे तर्कशास्त्र.

दोन बाजूंना समोरासमोर बसवण्याचा प्रयोग 1983 मध्ये पुण्यात झाला. रेगे यांच्या पुढाकाराने न्याय व इतर शास्त्रांचे पंडित आणि इंग्रजी परंपरेत घडलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एकत्र आले, बर्ट्रंड रसेलचा विधानांविषयीचा सिद्धान्त संस्कृतात मांडण्यात आला, आणि पंडितांनी त्यावर आपल्या शास्त्राच्या परिभाषेत आक्षेप घेतले. तत्त्वज्ञ दया कृष्ण यांच्या सहभागाने झालेली ही चर्चा पुढे ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत तिचा आजही आदराने उल्लेख होतो. पदवीच्या अभ्यासक्रमावर मात्र तिचा परिणाम जवळजवळ शून्य आहे, कारण असा वाद वर्गात चालवायला दोन्ही परंपरांत मुरलेला शिक्षक लागतो, आणि तसा शिक्षक घडवण्याची व्यवस्था ना संस्कृत विभागाकडे आहे, ना तत्त्वज्ञान विभागाकडे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या रचनेत ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा घटक सर्व शाखांना लागू झाला आहे. दर्शनांचा परिचय त्यात येतो, तसाच गणित, वैद्यक आणि स्थापत्य यांचाही. तत्त्वज्ञान विभागांना याचा लाभ होईल अशी अपेक्षा होती, पण हा घटक कोणा एका विषयाच्या मालकीचा नाही, आणि तो कोणी शिकवायचा याचा निर्णय बऱ्याच ठिकाणी शिक्षकांच्या कार्यभाराच्या हिशेबाने होतो. तत्त्वज्ञानाच्या मुख्य अभ्यासक्रमात पाश्चात्त्य आणि भारतीय हे दोन पेपर सहसा वेगवेगळेच आहेत.