लष्करी रायफल, मोठ्या शिकारीतील

सैन्यातून बाद झालेली किंवा सैन्याच्या नमुन्यावर बेतलेली रायफल वाघ, गवा, हत्ती, मूस (उत्तरेकडील थंड प्रदेशांतले मोठे हरीण), अस्वल अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी वापरण्याची प्रथा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याच्या रायफली सैन्यात रूढ झाल्या, तेव्हापासून ती ठळकपणे दिसते. ठासणीच्या लष्करी बंदुकांनी शिकार त्याआधीही होत असे. परंतु त्या काळी लष्करी व शिकारी हत्यारांत फरकच थोडा असल्याने येथे तिचा विचार केलेला नाही.

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही हिंदुस्थानातील शिकारीच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची लष्करी रायफल. चापामागची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा उतरतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते व नवे काडतूस हाताने सरकवता येते. गोळी ४८० ग्रेन (सु. ३१ ग्रॅ.) वजनाची, दारू ८५ ग्रेन, वेग सेकंदाला सु. ४०० मी. हा वेग आजच्या मानाने कमी. पण जड, मऊ शिशाची गोळी अंगात पसरत असल्याने सांबर किंवा बिबळ्याला ती पुरे पडे. काळ्या दारूचा धूर मात्र मोठा होता. बार झाल्यावर जनावर पडले की अंगावर येत आहे, हे धुरापलीकडे काही क्षण कळत नसे. शिवाय पितळी पत्रा गुंडाळून केलेली सुरुवातीची काडतुसे तापलेल्या नळीत अडकून बसत. एकबारी रायफलीत असे होणे ही वाघासमोर किरकोळ गोष्ट नव्हे. नैनिताल येथील स्वयंसेवक दलात कॅडेट असताना मिळालेल्या .४५० (नळीचा व्यास, इंचांत) मार्टिनीने आपण बिबळ्या मारल्याचे जिम कॉर्बेट यांनी लिहिले आहे.

.४५० व्यासाच्या शिकारी रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी हा या विषयातील वादाचा मुद्दा आहे. बंदी लागू झाल्याचा काळ बहुधा १९०५ ते १९०७ असा दिला जातो. त्यातही १९०७ हे वर्ष अधिक रूढ आहे. हिंदुस्थान व सुदान येथील बंडखोरांकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या व शिकाऱ्यांची काडतुसे त्यांच्या हाती पडण्याची भीती होती, असे कारण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तांत्रिक दृष्टीने ते लंगडे आहे. .४५० नायट्रो एक्स्प्रेस या धूररहित दारूच्या जबर शिकारी काडतुसाचे सव्वातीन इंची लांब, सडपातळ काडतूस मार्टिनीच्या आखूड, बाटलीच्या आकाराच्या काडतुसासाठी कोरलेल्या खजिन्यात (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) नीट बसत नाही. गोळी उपसून पुन्हा भरावी म्हटले, तर मार्टिनीची गोळी सु. .४६८ इंच व नायट्रोची सु. .४५८ इंच व्यासाची. त्यामुळे प्रत्यक्ष धोक्यापेक्षा एकाच आकड्याचा दारूगोळा सरसकट आवरण्याची कारभारी खबरदारी यामागे असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. परिणामाबद्दल मात्र दुमत नाही. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी बंदीच्या आकड्याला वळसा घालून .५००/.४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसे पुढे आणली, आणि त्यांतील .४७० पुढे आफ्रिकेतही मान्यता पावले.

ली-मेटफर्ड (१८८८) व ली-एनफील्ड (१८९५) या .३०३ रायफलींत धूररहित दारू आल्यावर धूर गेला, पण गोळीचा प्रश्न उभा राहिला. शिशावर धातूचे पूर्ण कवच असलेली २१५ ग्रेनची गोळी आरपार जाई व जनावर जखमी होऊन पळे. सरहद्दीवरील मोहिमांत सैन्याचीही हीच तक्रार होती. तीतून कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरल्या. शिकारीत त्या राहिल्या. मऊ टोकाची काडतुसे न मिळाल्यास काही शिकारी लष्करी गोळीचे टोक कानशीने घासून घेत. कवच बुडाशीही उघडे असल्याने हे घातक असे: आतले शिसे पुढे निघून जाई, रिकामे कवच नळीत अडकून राही व पुढचा बार नळी फोडी.

लष्करी व्यासाची शस्त्रे खासगी व्यक्तींना मिळू नयेत, या धोरणातून .३१५ रायफल हिंदुस्थानात रुजली. .३०३ चेच तोंड रुंद करून हे काडतूस केले, अशी समजूत आढळते. परंतु .३०३ ची पुंगळी सु. ५६ मिमी. लांब, तर .३१५ ची सु. ५० मिमी. असते. मापे ऑस्ट्रियाच्या ८×५० मिमी. (गोळीचा व्यास × पुंगळीची लांबी) मानलिखर या लष्करी काडतुसाशी जुळतात. तेच मूळ मानणे योग्य. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात नसलेले हे परके लष्करी काडतूस ली-एनफील्डच्या घडणीत बसवले गेले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील रायफल व खडकीच्या कारखान्यातील काडतुसे ही जोडी परवानाधारकांच्या परिचयाची झाली.

आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) या शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले. त्यांतले बहुसंख्य ७×५७ मिमी. माउझर या जर्मन बनावटीच्या लष्करी रायफलीने. कवचबंद लष्करी गोळीचा आरपार जाण्याचा दोष येथे गुण ठरला, कारण ती हत्तीच्या कवटीतून न वाकता मेंदूपर्यंत जाई. मेंदूची जागा बाजूने, तिरके व मागून अचूक साधण्याची बेल यांची हातोटी सर्वांकडे नसते. त्यांचे अनुकरण करणारे पुष्कळ जण जखमी हत्तीच्या पायाखाली सापडले असावेत. १८९८ च्या माउझरची नखी (पुंगळी ओढणारा आकडा) काडतुसाची कड सुरुवातीपासून पकडून ठेवते व बोल्टचे (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याचे) मुख्य अडसर पुढे असतात. त्यामुळे तिच्या मोठ्या आवृत्तीत .४१६ रिग्बीसारखे (१९११) जबर काडतूसही बसले. ली-एनफील्डचे अडसर मागे असल्याने तिला इतका दाब मानवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व कॅनडात शिल्लक रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. पुढचे लाकूड कापणे, नळी आखूड करणे, दुर्बीण बसवणे असे बदल घरोघर झाले. आजचे संग्राहक त्यावर हळहळतात. पण नवी शिकारी रायफल न परवडणाऱ्याला हिवाळ्याचे मांस त्यातूनच मिळाले. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परदेशी शिल्लक रायफलींची आयात थांबवली. स्वीडनमध्ये मूससाठी ६.५×५५ मिमी. माउझर चालते. ग्रीनलंडमधील डेन्मार्कचे सिरियस हे गस्ती पथक ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी दीर्घकाळ १९१७ च्या नमुन्याची एनफील्ड बाळगत असे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शौकाची मोठी शिकार संपली. जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलेले जनावर मारण्याची परवानगी कलम ११ खाली लेखी आदेशाने देता येते.