व्हँकूव्हर शहरदर्शन

व्हँकूव्हर : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सर्वांत मोठे शहर आणि देशाचे पॅसिफिक किनाऱ्यावरील प्रमुख बंदर. उत्तरेला बरार्ड खाडी, दक्षिणेला फ्रेझर नदी, पश्चिमेला जॉर्जियाची सामुद्रधुनी, असे तिन्ही बाजूंना पाणी. खाडी ओलांडली की लगेच डोंगर सुरू होतात. २०२१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ६,६२,२४८ आणि उपनगरांसह महानगराची २६,४२,८२५ आहे. शहराचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ११५ चौ. किमी. एवढेच आहे. प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया असून ती व्हँकूव्हर नावाच्याच बेटावर आहे; व्हँकूव्हर शहर त्या बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे. निवासाची व्यवस्था करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

या शहराचे खरे वैभव म्हणजे त्याची पाण्याची कड, आणि ती बहुतांशी सर्वांना मोकळी आहे. मध्यवर्ती भागाच्या खाडीकाठापासून स्टॅनली पार्कला वळसा घालून, फॉल्स क्रीक या छोट्या खाडीच्या दोन्ही तीरांनी किट्सिलानोच्या पुढे स्पॅनिश बँक्सच्या पुळणीपर्यंत सुमारे २८ किमी.चा पायी व सायकलने जाण्याचा मार्ग आहे. जगातल्या बहुतेक बंदरांत अशी जागा गोदामांनी, रेल्वेने किंवा श्रीमंतांच्या बंगल्यांनी व्यापलेली असते. इथेही ती तशीच व्यापली जाणार होती. ते टळले कसे, हे कळले की शहर जास्त चांगले पाहता येते.

मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्स्लेवाटूथ या मूळ रहिवासी समाजांची ही हजारो वर्षांची भूमी. शहराच्या जागेबाबत त्यांच्याशी कधीही करार झाला नाही, म्हणून सार्वजनिक कार्यक्रमांच्या आरंभी त्यांचा उल्लेख करण्याची प्रथा आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज व्हँकूव्हर १७९२ मध्ये या खाडीत आला. ६ एप्रिल १८८६ रोजी शहराची रीतसर स्थापना झाली आणि १३ जूनला जवळजवळ सगळे गाव आगीत जळाले. ते पुन्हा उभे राहत असतानाच, २३ मे १८८७ रोजी, देशाच्या पूर्व भागातून आलेली पहिली प्रवासी आगगाडी इथे पोहोचली. ती ओढून आणणारे ३७४ क्रमांकाचे इंजिन येलटाउन या भागातील जुन्या इंजिनशाळेच्या शेजारी काचेच्या दालनात ठेवले आहे. ते बघायला पैसे पडत नाहीत, तरी तिथे गर्दी अशी कधी नसते.

विसाव्या शतकात मोटाररस्त्यांची लाट आली तेव्हा चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोना या वस्त्यांतून द्रुतगती मार्ग नेण्याचे ठरले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी, त्यात चिनी कुटुंबे आघाडीवर होती, तो बेत हाणून पाडला. तोवर दोन उड्डाणमार्गांसाठी होगन्स ॲली ही कृष्णवर्णीयांची वस्ती भुईसपाट झाली होती. ती हानी भरून आली नाही. पण शहराच्या गाभ्यातून द्रुतगती मार्ग गेला नाही, आणि म्हणूनच आज इथे मोटारीवाचून फिरता येते. पुढे १९८६ चे जागतिक प्रदर्शन फॉल्स क्रीकच्या काठी भरले. त्यानंतर ती औद्योगिक जमीन विकासकांकडे गेली आणि तिथे उंच इमारती उठल्या; परंतु पाण्याकाठचा पट्टा सार्वजनिकच राहिला. १९८९ पासून शहराने काही ठरावीक जागांवरून डोंगर दिसत राहावेत अशा दृष्टिरेषाही आखून दिल्या आहेत आणि त्यांच्या आड इमारत सहसा येऊ दिली जात नाही. रस्ता चुकला तर डोंगर शोधावेत, ते नेहमी उत्तरेला असतात. स्थानिक माणूस दिशा अशीच सांगतो.

स्टॅनली पार्क

एकच दिवस हाताशी असेल तर तो इथे घालवावा. सुमारे ४०० हेक्टरचे हे वन १८८८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आधी ती लष्करासाठी राखलेली जमीन होती, म्हणून शहर वाढताना ती विकली गेली नाही. पण ती निर्मनुष्य नव्हती. उत्तरेकडच्या काठावर ख्वायख्वाय हे मूळ रहिवाशांचे गाव होते. उद्यानाचा रस्ता करताना त्यांची घरे हटवली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या शिंपल्यांच्या ढिगाऱ्यातील शिंपले त्याच रस्त्यावर पसरण्यात आले. ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम स्तंभ, म्हणजे कुळांची चिन्हे कोरलेले उंच लाकडी खांब, पाहताना हे आठवावे. यांपैकी बरेचसे स्तंभ किंवा त्यांचे मूळ नमुने उत्तरेकडच्या किनाऱ्यांवरील समाजांचे आहेत. जवळच उभ्या असलेल्या तीन लाकडी कमानी मात्र मस्क्वियम शिल्पकार सुझन पॉइंट यांच्या, म्हणजे याच भूमीतल्या हातांच्या. त्या २००८ मध्ये उभारल्या. बहुतेक लोक स्तंभांची छायाचित्रे काढून निघून जातात. त्यांनी पाच मिनिटे कमानींखाली थांबावे.

उद्यानाभोवतीची दगडी सागरी भिंत सुमारे ९ किमी. लांब आहे. लाटांनी किनारा झिजू नये म्हणून तिचे काम १९१७ मध्ये सुरू झाले आणि ती पूर्ण व्हायला १९७१ उजाडले. जेम्स कनिंगहॅम हा गवंडी अनेक वर्षे या कामाचा प्रमुख होता. निवृत्त झाल्यावरही तो काम पाहायला येत असे, आणि १९६३ मध्ये, भिंत पुरी होण्याआधी, वारला. सिवॉश रॉक या पाण्यातल्या सुळक्याच्या आसपास ओहोटीच्या वेळी कडेला वाकून पाहिले तर घडीव दगडांचे थर, त्यांच्या सांध्यांत धरलेले शेवाळ आणि खाली काळ्या खडकांना चिकटलेले शिंपले दिसतात. हे दगड माणसांनी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून बसवले. सायकलींना इथे घड्याळाच्या उलट दिशेने एकेरी मार्ग आहे, आणि हेल्मेट घालणे प्रांतात कायद्याने सक्तीचे आहे. सायकलीने हा फेरा तासाभरात होतो, पायी अडीच-तीन तास धरावेत. अलीकडे एका पतंगाच्या अळ्यांनी हेमलॉकचे असंख्य वृक्ष वाळवल्यामुळे मोठी तोड करावी लागली. पूर्वी येऊन गेलेल्याला काही भाग विरळ वाटेल.

सेकंड बीचजवळच्या क्रीडांगणाशेजारी एक स्मारक आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे गेली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकूव्हर विमानतळावर चढवली गेली होती. भिंतीवर सगळ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत लहान मुलांचीही पुष्कळ आहेत. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळच हे स्मारक आहे, हे फार योग्य झाले.

भारतीय पाऊलखुणा

कोल हार्बरच्या काठावर कोमागाता मारू जहाजाचे स्मारक आहे. हे जहाज २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवासी घेऊन इथे आले. बहुसंख्य शीख, काही मुसलमान आणि हिंदू; सगळे ब्रिटिश प्रजाजन. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश, अशी अट भारतीयांना रोखण्यासाठीच घातलेली होती. दोन महिने जहाज डोळ्यांसमोर अडवून ठेवले गेले, आणि मोजक्या लोकांना उतरू देऊन २३ जुलैला ते परत पाठवण्यात आले. बंगालमध्ये बजबज येथे उतरताना गोळीबार होऊन त्यांतले कित्येक मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

मेन स्ट्रीट आणि ४९ व्या ॲव्हेन्यूच्या चौकातील पंजाबी मार्केट १९७० पासूनचे. दागिने, साड्या, मिठाई यांची दुकाने एके काळी इथे ओळीने होती; आता बराच व्यापार सरे या उपनगराकडे सरकला आहे. तरीही घरच्यासारखे जेवण हवे असेल तर आधी इकडे यावे. रॉस स्ट्रीटचा गुरुद्वारा इथून फार लांब नाही. त्याची वास्तू कॅनडाचे वास्तुशिल्पी आर्थर एरिक्सन यांची असून लंगर सर्वांसाठी असतो. डोके झाकून, चपला काढून जावे.

येणे आणि फिरणे

भारतीय पारपत्रावर येणाऱ्यास आधी व्हिसा घ्यावा लागतो. विमानतळावरून कॅनडा लाइन ही रेल्वे सुमारे २५ मिनिटांत शहराच्या मध्यभागी पोहोचवते. विमानतळावरून निघताना भाड्यावर ५ डॉलर अधिभार लागतो. विमानतळाकडे जाताना तो नसतो. स्कायट्रेन ही चालकाविना धावणारी रेल्वे १९८५ च्या अखेरीस सुरू झाली. पहिल्या डब्यात पुढच्या खिडकीशी जागा मिळाली तर सोडू नये. कंपास हे तिकिटाचे कार्ड रेल्वेत चढताना व उतरताना, दोन्ही वेळा टेकवायचे. बसमध्ये मात्र फक्त चढताना. बसमधून उतरताना चालकाला ‘थँक यू’ म्हणण्याची इथली रीत आहे, ती पाळावी. पत्त्यात ‘ईस्ट’ की ‘वेस्ट’ हे नीट पाहावे: ऑन्टारिओ स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना त्याच ॲव्हेन्यूवर तोच घरक्रमांक असू शकतो.

भाड्याची मोटार शहरात लागत नाही. डोंगरात जायला घेतलीच, तर आत काही दिसेल असे ठेवू नये. काचा फोडून बॅगा नेण्याचे प्रकार होतात.

वॉटरफ्रंट स्थानकावरून सीबस ही प्रवासी नौका १२ मिनिटांत खाडीपलीकडे नेते. ती १९७७ पासून चालू आहे आणि साध्या तिकिटातच मिळते. महागड्या बंदर-सफरीऐवजी संध्याकाळी हिने जाऊन यावे. मधोमध आल्यावर एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि बाजूला नांगरलेली मालवाहू जहाजे एकदम दिसतात.

खाडीपलीकडे कॅपिलानोचा झुलता पूल प्रसिद्ध आहे. लांबी १४० मीटर, उंची ७० मीटर, मूळ पूल १८८९ चा. तिकीट बरेच महाग. लिन कॅनियनमधला १९१२ चा झुलता पूल लहान, पण फुकट. खालच्या दरीतले पाणी हिरवेगार आणि झाडी तशीच दाट. मुले सोबत नसतील तर लिन कॅनियनच निवडावा. कॅपिलानो नदीवरच्या साल्मन प्रजनन केंद्राला मात्र आवर्जून जावे. १९५४ मध्ये क्लीव्हलँड धरणाने माशांची वाट अडवली, म्हणून १९७१ मध्ये हे केंद्र झाले. समुद्रातून परतणारे मासे पायऱ्यापायऱ्यांच्या पाण्यातून उसळ्या मारत वर चढतात आणि काचेच्या खिडकीतून ते हातभर अंतरावर दिसतात: नाकाशी वळलेला जबडा, फाटलेले पर, आणि प्रवाहाच्या तोंडाशी अंग ताठ धरून केलेली ती प्रतीक्षा. उन्हाळ्याच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंत हे दृश्य दिसते, आणि प्रवेशशुल्क नाही. चढण्याची हौस असलेल्यांसाठी ग्राऊस ग्राइंड ही डोंगरवाट आहे: अडीच किमी.त सुमारे ८०० मीटर चढ. सिंहगड रोज चढणाऱ्यालाही तो दम काढायला लावतो.

ग्रॅनव्हिल बेटावर पूर्वी कारखाने होते. १९७९ मध्ये तिथे सार्वजनिक बाजार सुरू झाला. काँक्रीटचा एक कारखाना मात्र तसाच चालू ठेवला आहे, आणि त्याच्या कोठारांवर ब्राझिलियन चित्रकारांनी २०१४ मध्ये प्रचंड माणसे रंगवली. फळांच्या ढिगांशेजारून काँक्रीटचे ट्रक जातात. गॅसटाउन या जुन्या भागातले वाफेवरचे घड्याळ जुने दिसते, पण ते १९७७ चे आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्र संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. हैडा शिल्पकार बिल रीड यांचे ‘कावळा आणि पहिली माणसे’ हे पिवळ्या सीडरच्या लाकडातले शिल्प तिथे आहे.

हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या पूर्वेकडील भागात गरिबी, बेघरपणा आणि अमली पदार्थांचे संकट उघड्यावर दिसते. चायनाटाउनला जाताना तो भाग लागतो. तिथली माणसे सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

ऋतू, खाणे, खर्च

पाऊस वर्षाला सुमारे १,२०० मिमी., म्हणजे मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. परंतु तो ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बारीक बारीक पडत राहतो. छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट बरे. डिसेंबरात सूर्य लवकर मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. जुलै-ऑगस्ट कोरडे आणि सुंदर, मात्र अंतर्भागातील वणव्यांचा धूर ऑगस्टमध्ये कधीकधी शहरावर येतो. मे ते ऑक्टोबर अलास्काला जाणाऱ्या प्रवासी जहाजांमुळे हॉटेलांचे दर चढलेले असतात. सप्टेंबरचा पूर्वार्ध आणि चेरी बहरण्याचा एप्रिल हे दोन काळ सर्वांत चांगले.

खाण्यासाठी रिचमंड या उपनगरात जावे. तिथल्या चिनी पाककलेची कीर्ती दूरवर आहे. शाकाहारींनी रामेन (रसातल्या जपानी शेवया) किंवा सूप मागवताना रस कशाचा आहे हे विचारून घ्यावे, भाज्यांच्या पदार्थांतही हाडांचा किंवा माशांचा रस असतो. नळाचे पाणी डोंगरातल्या तलावांचे असते, ते बिनधास्त प्यावे. दुकानातल्या किमतीत कर धरलेला नसतो. बहुतेक वस्तूंवर एकूण १२ टक्के वाढतात, उपाहारगृहातील जेवणावर ५ टक्के. बसून जेवल्यास १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे.

व्हिक्टोरियाला जायचे असल्यास शहराच्या दक्षिणेच्या त्सवासन धक्क्यावरून फेरीबोट ९५ मिनिटांत बेटावर पोहोचवते. दोन्ही टोकांना सार्वजनिक बस मिळते. पण एका दिवसात जाऊन येण्यात बहुतेक वेळ वाटेतच जातो, तेव्हा एक रात्र तिथे राहावे.