समुपदेशन-प्रशिक्षणार्थीचा स्वभाव आणि समानुभूती

समुपदेशन शिकणाऱ्याच्या मूळ स्वभावाचा त्याच्या समानुभूतीवर आणि संवादावर परिणाम होतो. समानुभूती म्हणजे दुसऱ्याचे मन त्याच्या जागेवरून समजून घेणे. सहानुभूतीत कीव डोकावते, म्हणून हा शब्द निराळा ठेवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारातून माणूस बदलण्यासाठी ६ अटी मांडल्या. समुपदेशकाची समज आणि स्वीकार थोडाफार तरी सल्लार्थीपर्यंत, म्हणजे मदत मागायला आलेल्या माणसापर्यंत, पोहोचला पाहिजे, ही त्यांतली शेवटची. नवशिक्यांची गाडी बहुधा इथेच अडते. आतून कळवळा असतो, तोंडून मात्र उपदेश बाहेर पडतो.

स्वभावाचे वर्णन बहुतेक वेळा ५ घटकांत करतात : नव्या अनुभवांची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. जुळवून घेणाऱ्यांना दुसऱ्याविषयी कळवळा अधिक वाटतो, असे साधारणपणे आढळते. अस्थिर मनाचा माणूसही दुसऱ्याच्या दुःखाने हलतो, पण त्यात त्याची स्वतःचीच घालमेल मोठी असते. मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांच्या समानुभूती मोजणाऱ्या २८ विधानांच्या प्रश्नावलीत कळवळा आणि घालमेल या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, आणि ते योग्यच आहे. सल्लार्थीबरोबर डोळे भरून येणे ही समानुभूतीची पावती नव्हे.

बहिर्मुखतेसाठी कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. कोल्हापूरकर मुळात बोलका. अनोळखी माणसालाही ‘भावा’ म्हणणाऱ्या या शहरात ओळख व्हायला वेळ लागत नाही. बहिर्मुख प्रशिक्षणार्थीची पहिली पाच मिनिटे झकास जातात. अडचण त्यानंतरची. सरावासाठी रचलेल्या एका संवादात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या पूरग्रस्त बाई म्हणतात, “पाणी वसरून लई दिस झालं, पर ढग आलं की झोप लागत न्हाई बघा.” पहिला विद्यार्थी लगेच धीर देतो : “मावशी, आता कशाला घाबरायचं? सगळं व्यवस्थित हुतंय.” बाई “व्हय” म्हणून गप्प होतात. दुसरी विद्यार्थिनी अबोल. ती जरा थांबून विचारते, “ढग आलं की त्याच रातीत जाऊन बसल्यागत हुतंय का?” मग बाई सांगतात, दावणीची म्हस सोडायची राहून गेली. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या जिल्ह्यात असे बोलणे कानावर येणे नवल नाही. पहिला विद्यार्थी मनाने वाईट नव्हता. त्याला शांतता सोसली नाही, इतकेच.

नेटक्या स्वभावाचा विद्यार्थी वेळ पाळतो, नोंदी चोख ठेवतो. मात्र पुढचा प्रश्न कागदावर शोधताना समोरचा चेहरा निसटतो. नव्या अनुभवांची ओढ असलेल्याला परके जगणे लवकर उमगते. समोरच्याची बोलीही तशीच उमगावी लागते. कोल्हापुरी मुलगी ‘मी आले’ऐवजी ‘मी आलो’ म्हणते. तिचे वाक्य ‘म्हणजे तू आलीस’ असे प्रमाण मराठीत सुधारून परत केले, की आपल्याला तपासले जाते आहे असे तिला वाटू शकते.

स्वभाव सहसा हळूहळू बदलतो; संवादाची कौशल्ये त्यामानाने लवकर शिकता येतात. ॲलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या सूक्ष्म-समुपदेशन पद्धतीत एका वेळी एकच कौशल्य घेऊन सराव करतात आणि त्याचे चित्रीकरण पाहतात. रॉबर्ट कार्कहफ यांच्या समानुभूतीच्या ५ पायऱ्यांच्या मापात तिसरी पायरी किमान मानतात : प्रतिसादात सल्लार्थीचाच अर्थ आणि त्याचीच भावना उतरलेली हवी. बडबड्याने आपल्या सरावाचे ध्वनिमुद्रण लिहून काढावे आणि स्वतःच्या ओळी मोजाव्यात. अबोलाने निदान ‘हं’ मोठ्याने म्हणायला शिकावे.