चार पाट आणि एक भिंत

स्वर्ग रंगवायचा म्हटलं की आपल्याकडचा चित्रकार आधी ढग काढतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, पाचव्या शतकातला इंद्र अप्सरांना घेऊन उतरतोय. मागे निळसर ढग, आणि वेगामुळे गळ्यातले हार एका बाजूला उडालेले. खाली जमीन नाही, मग कुंपण कुठलं असायला! इराणपासून युरोपपर्यंतचा चित्रकार मात्र नंदनवन काढायला बसला की बहुधा आधी भिंत घालतो.

कारण ‘पॅरडाइज’ या शब्दातच भिंत आहे. अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला ‘पइरिदएझ’ म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. त्यातला ‘पइरि’ म्हणजे आपला ‘परि’, परिघातला, परिसरातला. ‘दएझ’चं नातं संस्कृतच्या ‘दिह्’ धातूशी, म्हणजे लिंपणं, थापणं. थोडक्यात, मातीची लिंपलेली भिंत. ग्रीकांनी त्याचा ‘पॅरॅडेइसोस’ केला. ग्रीक लेखक झेनोफननं एक गोष्ट सांगितली आहे: सार्डिसला धाकट्या सायरसनं, म्हणजे इराणी राजपुत्रानं, स्पार्टाचा सेनापती लायसँडर याला आपली बाग दाखवली. सरळ रांगेतली झाडं बघून पाहुणा थक्क झाला, तेव्हा राजपुत्र म्हणाला, यातली काही मी स्वतः लावलीत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, तेव्हा आदम-हव्वाच्या एदेन बागेसाठी हाच शब्द वापरला गेला. इराणी राजाची बाग तिथून देवाची झाली. अरबीत तोच शब्द ‘फिरदौस’ म्हणून पोचला.

पाण्याचं गणितही जुनंच. बायबलातल्या उत्पत्तीच्या कथेत एदेनमधून निघालेल्या नदीला चार फाटे फुटतात. कुराणातल्या जन्नतमध्ये पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या आहेत. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला वाहत्या पाण्यापलीकडे आणखी काय मागावंसं वाटणार? इराणमधल्या पासारगादला सम्राट थोरल्या सायरसच्या बागेतले दगडी पाट उत्खननात सापडले आहेत, म्हणजे ही रचना कुराणाची वाट बघत थांबलेली नव्हती. चार पाट, चार वाफे, भोवती भिंत: चारबाग.

ही बाग गुंडाळूनही नेता यायची. इस्लामपूर्व इराणच्या ससानी राजांच्या दरबारात हिवाळ्यात अंथरायचा एक प्रचंड गालिचा होता, जरीचा आणि रत्नांचा, बागेच्या नक्षीचा. इसवी सन ६३७च्या सुमारास अरबांनी त्यांची राजधानी तेसिफोन जिंकली आणि गालिचा कापून वाटून टाकला, असं अरब इतिहासकार सांगतात. सतराव्या शतकातला किरमानचा एक बाग-गालिचा आज ग्लासगोत आहे. त्याच्या पाटांत मासे विणलेले आहेत.

युरोपात भिंतीला वेगळा अर्थ चिकटला. फ्रँकफर्टच्या संग्रहालयात १४१०-२०च्या सुमाराचं एक चित्र आहे, चित्रकार अज्ञात, आकार जेमतेम २६ बाय ३३ सेंटिमीटर. पांढऱ्या तटबंदीच्या आत मेरी पुस्तक वाचतेय, बाळ येशू तंतुवाद्य छेडतोय, एक बाई चेरी तोडतेय. फुलं नि पक्षी इतके नेमके, की अभ्यासकांनी त्यांच्या जाती ओळखून काढल्या. भिंत इथे मेरीच्या कौमार्याची खूण आहे. पण मला आवडतो तो गवतात उताणा पडलेला ड्रॅगन. संत जॉर्जनं मारलेला हा राक्षस पाळीव कुत्र्याएवढासुद्धा नाही.

शतक संपता संपता बॉश या डच चित्रकारानं भिंतच काढून टाकली. माद्रिदमधल्या त्याच्या त्रिपट-चित्रातल्या डाव्या फळीवर आदम-हव्वाची बाग उघडी आहे, आणि खालच्या कोपऱ्यात एक मांजर तोंडात उंदीर धरून चाललंय. अजून कुणी फळ खाल्लेलंही नाही!

आपल्याकडे चारबाग रुजवली बाबरनं. १५०८-०९मध्ये त्यानं आजच्या अफगाणिस्तानातल्या जलालाबादजवळ बाग-ए-वफा करवली. तिथे केळी आणि ऊस लावल्याचं तो हौसेनं लिहितो. १५८९मध्ये अब्दुर्रहीम खानखानानं बाबरनामा फारसीत आणला आणि अकबराच्या चित्रशाळेत त्याच्या सचित्र प्रती तयार होऊ लागल्या. त्यातलं या बागेचं चित्र लंडनला आहे, बिशनदासच्या हातचं. चौरस वाफे, मधून पाट, भिंतीच्या आत डाळिंबं. बाबर उभा राहून सूचना देतोय, दोन माळी दोरी धरून माप घेताहेत आणि एकाच्या हातात चौकटी आखलेली फळी आहे, म्हणजे बागेचा नकाशाच. जन्नतच्या चित्रात मोजणीची दोरी! आग्र्याला आल्यावर हिंदुस्थानात वाहतं पाणी नाही म्हणून त्यानं कुरकुर केली आणि रहाट बसवायला घेतले.

पुढे याच नकाशात कबरी आल्या. ताजमहालाच्या मोठ्या दरवाजावर सुलेखनकार अमानत खानानं लिहिलेली सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, ‘माझ्या जन्नतमध्ये प्रवेश कर’ या आज्ञेवर संपते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७मध्ये वारली. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तिचा. खाली नि घुमटाला संगमरवर, बाकी काळ्या पाषाणावर चुन्याचा गिलावा. त्यावरून ताजशी तुलना करून नाकं मुरडली जातात. माझ्या मते ती नजर चुकते, कारण इथे बघायची ती इमारत नव्हे, उंच तटाच्या आतली बाग आणि मधला लांबच लांब हौद.

खुद्द औरंगजेब १७०७मध्ये वारला आणि तिथून जवळच, खुलदाबादला पुरला गेला. मरणोत्तर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणत, जन्नतवासी. गावाचं नाव त्यावरून पडलं. आधीचं नाव रौझा, आणि रौझा म्हणजे मुळात बागच. कबरीला ना चार वाफे, ना पाट. वर छतही नाही. उघड्या मातीत सब्जाचं एक रोप आहे.